आवाज नीट येतोय म्हणे

मला ऐकू येत नाही. जन्मापासूनच. लॅपटॉप दुरुस्तीवाल्याला मी हे मोबाईलवर टाइप करून दाखवलं होतं, तरी त्यानं स्पीकरला कान लावला, अंगठा वर केला आणि म्हणाला, "आवाज तर लई भारी येऊन राहिला, ताई." 'आवाज' म्हणणारे ओठ मी रस्त्याच्या पलीकडूनही ओळखते. आयुष्यभर तेच ओठ बघत आलेय.

भानगड अशी होती. नांदेडचे एक सर कारकुनीच्या परीक्षेचं गणित शिकवतात. तेही माझ्यासारखेच बहिरे. सगळं हातांनी शिकवतात आणि धडे रेकॉर्ड करून पाठवतात, एकदम एचडी. गेल्या खेपेला माझी विकेट गणितातच पडली होती. शाळेतल्या बाई फळ्याकडे तोंड करून बोलायच्या, त्यांच्या पाठीवरून मी काय गणित शिकणार? सरांचा पहिला धडा पाहिला आणि आगगाड्यांच्या वेगाची उदाहरणं चक्क समजली. पण मोबाईलवर त्यांची बोटं मुंगीएवढी दिसायची, म्हणून लातूरहून जुना लॅपटॉप आणला. आता यंदाची परीक्षा या लॅपटॉपच्याच भरवशावर होती.

आणि लॅपटॉपवर सर अडखळायला लागले. हात छातीशी, पुढच्या क्षणी एकदम कपाळाशी, मधलं सगळं गायब. वेग वाढला की कमी झाला हे हात वर गेला की खाली आला यावरूनच कळतं, आणि नेमकं तेच दिसेना. म्हणूनच तो दुरुस्तीवाल्याकडे नेला होता.

"क्वालिटी कमी कर की माय," बाबा म्हणाले. ते अहमदपूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडतीवर मुनीम आहेत. "आपल्याला काय सिनेमा बघायचाय?"

केली कमी. व्हिडिओ पळायला लागला, पण बोटं एकमेकांत मिसळली. तीन की चार, काही कळेना. तुमच्या आडतीवर तीन आणि चार सारखेच धरतात का, असं मी बाबांना लिहून विचारलं. ते गालात हसले आणि म्हणाले, "हाय त्यात भागव."

हाय त्यात भागव! माझ्या वाट्याला सगळं असंच आलं. मला भागवायचं नव्हतं. मला बोटं स्पष्ट हवी होती आणि हातही वाहते हवे होते, दोन्ही, पुरेपूर.

मग मीच शोधायला बसले. एका ठिकाणी लिहिलेलं सापडलं की प्रोसेसर मागे पडला की प्लेअर आवाज चालू ठेवतो आणि चित्रं गाळतो, कारण आवाज तुटला तर माणसाला लगेच खटकतं. कुठल्या माणसाला? माझं डोकंच फिरलं. यंत्रसुद्धा ऐकणाऱ्यांच्याच बाजूचं निघालं.

लॅपटॉपचा ग्राफिक्स ड्रायव्हर जुनापुराणा होता. कंपनीच्या साइटवरून नवा उतरवला. मग प्लेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हिडिओ उलगडायचं काम प्रोसेसरकडून काढून ग्राफिक्सच्या चिपकडे दिलं. जाता जाता, रेकॉर्डिंगमध्ये आपोआप आलेला आवाजाचा ट्रॅकही बंद करून टाकला. तसं करायची काही गरज नव्हती. राग होता.

धडा लावला. सरांचा हात छातीपासून उठला आणि मध्ये कुठेही न तुटता वर गेला. नखंसुद्धा दिसत होती. मी एकटीच टाळ्या पिटल्या, किती मोठ्यानं ते मला माहीत नाही, पण बाबा जेवता जेवता उठून आले.

ते माझ्या शेजारी उभे राहिले. पडद्यावर सरांनी काहीतरी गंमत केली आणि मला खळखळून हसू आलं. बाबांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग खांद्यावर हात ठेवून मला त्यांच्याकडे वळवलं आणि विचारलं, "काय म्हणले ते?"

हा प्रश्न मी या घरात लहानपणापासून विचारत आलेय. जेवताना सगळे हसायचे तेव्हा, पाहुणे बोलत बसायचे तेव्हा, आजोबांच्या शेवटच्या दिवशी सगळे त्यांच्या तोंडाशी वाकले होते तेव्हासुद्धा. दर वेळी बाबांनी तळहात दाखवून मला थांबवलंय, नंतर सांगतो म्हणून.

मी व्हिडिओ थांबवला नाही. नजर परत पडद्याकडे वळवली. तळहात त्यांच्यासमोर धरला. नंतर सांगते.