होळीनंतरचा बर्फ

खिडकीच्या ब्लाइंडची एक पट्टी दोन बोटांनी उचलून काका बाहेर बघत आणि म्हणत, “गेली थंडी.” होळी झाली की त्यांचा हिवाळा संपे, मग इथे आमच्या श्रूजबरी गावात काहीही असो. “होळी जळाली, थंडी पळाली” हे त्यांना फोनवरच्या हवामानापेक्षा खरं वाटे. नागपूरला ते खरंच असेल. परदेशात ऋतू बरोबर घेऊन आलेली अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

आमचं घर दुमजली. खाली काका-काकू, वर मी एकटा. काकूंना पक्षाघात झाला आणि त्या सात मैलांवरच्या रिहॅब सेंटरमध्ये राहू लागल्या. तेव्हापासून काका रोज साडेअकराला डबा घेऊन निघत. उजवा हात गेलेल्या काकू दुसऱ्या कोणाच्या हातून खात नसत. नर्सने चमचा पुढे केला की ओठ मिटून घेत. असंच चाललं तर पोटात नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं.

त्या वर्षी होळी होताच काकांनी गाडीचे बर्फातले स्नो टायर काढून टाकले आणि मलाही काढायला लावले. बर्फाचं फावडं मागच्या शेडमध्ये, कुंड्यांच्याही मागे ठेवलं. “दाराशी फावडं म्हणजे बर्फाला आमंत्रण, अरे.”

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी उठलो तर अंगणातले ट्युलिप दिसेनात. वीतभर ओला, जड बर्फ, आणि वाऱ्याने शेडच्या दारावर गुडघाभर ढीग रचलेला. फावडं काढायलाच फावडं हवं होतं. काका कणकेची परात घेऊन बाहेर आले, मी केराची सुपली. तासाभराने गाडीपुरती वाट झाली, पण चाकं चढावर जागीच फिरत राहिली. रस्ता साफ करणारा ट्रक आमच्या गल्लीत आलाच नव्हता. टॅक्सी मिळेना.

काका ओल्या मोज्यांनी घरात फिरत होते. दर दोन मिनिटांनी पट्टी उचलत. “थांबतंय.” थांबत नव्हतं. टेबलावर डबा भरून तयार होता.

साडेबाराला व्हिडिओ कॉल लागला. काकू जड जिभेने म्हणाल्या, “जळाली का... होळी?”

“जळाली. तू जेव.”

“नको.”

काकांनी डबा उघडला आणि खिचडीचा एक घास स्वतः खाल्ला.

“हा माझा. आता तुझा.”

“तो डबा... माझाय.”

“मग ये आणि घे. नाहीतर आ कर.” आणि त्यांनी स्वतःच तोंड उघडून दाखवलं.

नर्सला शब्द कळले नसतील. तिने सूपचा चमचा पुढे धरला. काकूंनी बराच वेळ पडद्याकडे पाहिलं आणि ओठ उघडले. एक घास इकडे, एक चमचा तिकडे. नऊ घास झाले. फोन ठेवून काका खिडकीशी गेले आणि पट्टी उचलून उभे राहिले. बराच वेळ वळले नाहीत. “थांबतंय” असंही म्हणाले नाहीत.

काका गेले त्याला या पानगळीत वर्ष होईल. मी घरून काम करतो, त्यामुळे दुपारचा डबा आता मी नेतो.

“फावडं?” काकू परवा म्हणाल्या.

“दाराशीच आहे, काकू.”

“मे... संपू दे.”

मी चमचा भरून पुढे केला. त्यांनी ओठ मिटून घेतले आणि माझ्याकडे बघत राहिल्या. रोज विसरतो मी. पहिला घास मी खायचा असतो.