किती आणे दुखतंय?

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि लिहिताना चुका पुष्कळ होतात, त्याची आधीच माफी मागते. चौथीपर्यंत शिकले, तेही हिंदी शाळेत. तिथे ‘ळ’ नव्हताच, म्हणून अजून तिथे हात अडखळतो. ही वही मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण चुकून कुणाच्या हाती लागली तर हसू नये.

परवा माझी दाढ काढली. मुलगा दोनदा विचारून गेला, दुखतंय का? मी नाही म्हटलं. तेव्हापासून थोरल्या जाऊबाईंची फार आठवण येते आहे. त्यांना मी वहिनी म्हणायचे. माधव नगरात आम्ही एकत्र राहायचो, दोन खोल्या त्यांच्या, दोन आमच्या, गॅस एकच. मला लहानपणापासून बोलायची लाज. काही दुखलं-खुपलं तर तोंडातून शब्द निघत नाही. साऱ्या जगात एका वहिनींना मी सांगू शकले, आणि तेही त्यांनी काढून घेतलं म्हणून.

गल्लीत पहिल्यांदा केबलची तार आली, त्या वर्षी माझं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं. तेव्हा पोट चांगलं वीतभर कापत. आमच्याकडे तेवढे पैसे नव्हते. गल्लीतल्या बायका दर महिन्याला पैसे टाकून बीसी चालवायच्या, त्यात नुकताच वहिनींचा नंबर लागला होता. त्यांना शिलाई मशीन घ्यायची होती. त्यांनी तेच तीन हजार माझ्या यजमानांच्या हातात ठेवले. म्हणाल्या, “मशीन कुठे पळून चालली? जाऊ मला एकच आहे.”

ऑपरेशननंतर डॉक्टर रोज येऊन विचारायचे, “दर्द है?” मी म्हणायचे, “नहीं.” खोकला आला की टाके ओढले जायचे, डोळ्यांपुढे काळोख यायचा, तरी नहीं. परक्या पुरुषाला काय सांगायचं? डॉक्टर वहिनींकडे वळून म्हणाले, “ये पूरी साँस ही नहीं ले रही हैं. ऐसे दबी पड़ी रहीं तो छाती में कफ जमेगा. गोली टाइम से दो, दर्द बढ़ने की राह मत देखो. और खाली पेट बिल्कुल नहीं.”

ती गोळी सुजेवरची आणि दुखण्यावरची होती. सकाळी एक, संध्याकाळी एक.

डॉक्टर गेल्यावर वहिनी खाटेवर बसल्या. “दुखतंय का विचारलं की तू नाहीच म्हणणार. मी तसं विचारतच नाही. किती आणे दुखतंय, सांग. सोळा आणे म्हणजे जीव चालला.”

“चार.”

“खोटारडी! चार आण्यांत कुणी चादर मुठीत धरत नाही.”

“बारा,” मी म्हटलं.

“हां, आत्ता आलीस भावावर.”

गोळी घेतल्यावर तासाभराने त्या परत भाव विचारायच्या. बाराचे सहा झालेले असायचे. मग पोटाशी उशी धरून खोकायला लावायच्या, दारापर्यंत चालवायच्या. सहाच्या वर असले तर नुसत्या हात धरून बसायच्या.

घरी सोडताना आणखी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी श्रावणी सोमवार आला. लग्न झाल्यापासून आम्ही दोघींनी एकही सोमवार मोडला नव्हता. साबुदाण्याची खिचडी मला चालणार नव्हती, तूप आणि दाणे डॉक्टरांनी बंद केले होते. भात उपासाला चालत नाही. म्हणून मी काहीच खाल्लं नाही. गोळी काही अन्न नव्हे, असा विचार करून ती मात्र पाण्याबरोबर गिळली. संध्याकाळी उपास सोडायचा तेव्हा दुसरी घेऊ.

दुपारपर्यंत पोटात निखारे ठेवल्यासारखं झालं. मग उलट्या सुरू झाल्या, आणि प्रत्येक उलटीला टाके फाटतील असं वाटलं. वहिनी धावत आल्या. “सकाळी काय खाल्लंस?” मी खाली बघितलं. त्यांना कळलं.

“अगं बावळट! महाकालाला काय तुझे टाके वाहायचेत? या गावात श्रावण दोनदा लागतो. हिंदीवाल्यांचा अर्धा झालासुद्धा, आपला आत्ता लागला. इतक्या सोमवारांत तुझा एक कमी पडला तर तो काय मोजायला बसलाय?”

मी रडायला लागले. म्हटलं, उपास मोडणार नाही. वहिनींनी यजमानांना डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी ती गोळी बंद केली, पोटाचं औषध दिलं आणि दुखण्यावर तापाची साधी गोळी घ्यायला सांगितली. उलट्या थांबल्या की काहीतरी हलकं खाऊ घाला म्हणाले. वहिनींनी मुगाची मऊ खिचडी शिजवून आणली, समोर बसल्या आणि पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला.

“झाला माझा मोडून,” त्या म्हणाल्या. “आता तू एकटी पुण्यवान राहणार का?”

त्या खिचडीत मीठ कमी होतं. तशी खिचडी मी पुन्हा पुष्कळदा करून पाहिली. जमली नाही.

दोन वर्षांनी मोठ्या दिरांची मिल बंद पडली. त्यांना देवासच्या एका कारखान्यात काम मिळालं आणि वहिनी गेल्या. घर एकदम मोठं झालं. यजमान म्हणाले, शंभर-शंभर करून पैसे फेडू, मनीऑर्डर करत जाऊ. मी म्हटलं, “मी नेऊन देईन.” ते बघतच राहिले. मी भाजी आणायलासुद्धा एकटी जात नसे. पण दर महिन्याला देवास गेटच्या स्टँडवरून बस धरायची, चढण्याआधी दोनदा विचारायचे, “देवास ही जाएगी ना?” वहिनी चहा ठेवायच्या आणि विचारायच्या, “आज काय भाव?” मी कधी दोन आणे म्हणायचे, कधी आठ. पोट कधीच बरं झालं होतं, तरी सांगायचे.

शेवटच्या हप्त्याला मी नव्वदच दिले. म्हटलं, दहा राहिले, पुढच्या वेळी आणते. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “विसरू नकोस हं.” पुढचे पाच महिने मी दर वेळी जाऊन विसरत राहिले.

मग त्यांच्या मुलाला नाशिकला नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी मी गेले. सामान बांधून झालं होतं. त्या मला बसपर्यंत सोडायला आल्या.

“दे ते दहा,” त्या म्हणाल्या. “नाहीतर नाशिकला मनीऑर्डर करशील, आणि पोस्टातल्या माणसाशी बोलावं लागेल तुला.”

नोट रुमालाच्या गाठीत होती, पाच महिने तीच. मी गाठ सोडली. बसचं इंजिन सुरू झालं होतं. त्यांनी नोट घेतली, पण माझा हात सोडला नाही.

“किती आणे?”

“सोळा,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, नोटेची बारीक घडी घातली आणि बटव्यात ठेवली. “फिटले बघ सगळे,” त्या म्हणाल्या.