वन्संचे दुमडलेले बोट

वन्संच्या जाण्याची बातमी मला कुणी सांगितली नाही; ती माझ्यापासूनच निघाली. सकाळी चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेले, हाक मारली, खांद्याला हात लावला आणि कळले. डॉक्टर येऊन गेले, शेजारचे जमले. आमचे हे बहिणीच्या पायाशी बसले ते उठेनात, आणि फोन आपसूक माझ्या हातात आला. वन्संचा एकुलता एक मुलगा निलेश रशियात डॉक्टर आहे. तिकडेच शिकला, तिकडच्याच मुलीशी लग्न केले. युद्ध सुरू झाल्यापासून त्याच्या गावातले इंटरनेट कधी चालते, कधी दिवसदिवस बंद असते. त्या सकाळीही फोन लागत नव्हता. लागत नाही म्हणून मी जितकी घाबरले होते, तितकीच लागेल म्हणूनही घाबरले होते. कारण पुष्कळदा तो फोन मीरा उचलायची. मीरा म्हणजे निलेशची चार वर्षांची मुलगी, आणि तिला रशियनखेरीज एक अक्षर कळत नाही. आजी गेली हे त्या पोरीला मी कोणत्या तोंडाने, कोणत्या भाषेत सांगणार होते...

वन्सं मूळच्या भित्र्या. कन्नड गावाच्या पलीकडे घाटाजवळ त्यांचे सासर. नवरा गेल्यावर त्या पडेगावला आमच्याकडे राहायला आल्या, ते येताना शेतातले धाडस तिकडेच ठेवून आल्या असे मी त्यांना चिडवायचे. लिफ्टची भीती, मांजर आडवे गेल्याची भीती, विमानाची तर एवढी की निलेशने दोनदा तिकीट काढतो म्हटले आणि दोनदा वन्संना ताप आला. पुढे हृदयाचे दुखणे निघाले, मग युद्ध आले, आणि जाणे राहिलेच. पण या सगळ्यांहून मोठी एक भीती होती आणि ती त्यांनी मला एकदा भाजी निवडताना सांगितली. म्हणाल्या, "शोभा, मी मरायला भीत नाय. पर मी मेल्यावर ती पोर फोटो बघून इचारंल, ही बाई कोण? त्याचं लई भ्या वाटतंय." मी हसण्यावारी न्यायला गेले, पण त्यांनी मान वर केली नाही.

त्यानंतर महिन्याभरात त्यांनी शहरात, औरंगपुऱ्यात, एक क्लास हुडकून काढला. एका वह्या-पुस्तकांच्या दुकानावर खोली होती आणि मेडिकलला रशियात निघालेली पोरे तिथे भाषा शिकत. पहिले काही दिवस सोबतीला मी जायचे. शिकवणाऱ्या बाई स्वतः तिकडे शिकून आलेल्या, वयाने वन्संच्या सुनेएवढ्या. त्यांनी पहिल्या धड्यात ना अक्षरे दिली ना रामराम-नमस्कार. म्हणाल्या, नावे नंतर, आधी बोट. वस्तूकडे बोट करायचे आणि जवळची असली तर एतत, एता. लांबची असली तर तोत, ता, म्हणजे तो, ती. एतत म्हणजे हा, एता म्हणजे ही, आणि ‘हे’सुद्धा कानाला एताच. आणि काही कळले नाही की विचारायचे, श्तो एता? हे काय? वन्सं खूश झाल्या. तिकडेही मराठीसारखेच हा-ही-हे आणि तो-ती-ते असते हे ऐकून त्यांना आपली माणसे भेटल्यासारखे झाले. फक्त आपली खिडकी तिकडे नपुंसकलिंगी निघाली, त्याचा त्यांना राग आला. घरी आल्यावर ह्यांच्याकडे बघून मला म्हणाल्या, तुझा जन्म गेला ‘हे’ म्हणण्यात, तुला काय शिकायचंय!

पण बाईंचे आणि त्यांचे एका गोष्टीवरून अडले. वन्संना बोट सरळ करता येईना. आमच्याकडे वेलीवरच्या कोवळ्या काकडी-वाळकाला बोट दाखवत नाहीत. दाखवले तर ते सडते, गळून पडते. दाखवायचेच झाले तर बोट दुमडून दाखवायचे. वन्सं आयुष्यभर वेलींत वावरलेल्या. टेबल असो, फळा असो, समोरची मुलगी असो, त्यांचे बोट निम्मे उठून आपोआप मिटायचे. बाई म्हणायच्या, आजी, नेमके काय दाखवताय ते समजत नाही. पोरे हसायची. वन्संही हसायच्या आणि पुन्हा बोट मिटायच्या.

रविवारी दुपारी फोन असायचा. चार वर्षांच्या पोरीशी बोलायला फार शब्द लागत नाहीत हे आम्हाला तेव्हा समजले. मीरा फोनसमोर एकेक खेळणे धरायची, वन्सं विचारायच्या, श्तो एता? ती सांगायची, त्यांना कळायचे नाही, तिला मजा वाटायची. असे रंगात आलेले असताना एका रविवारी मीरा नवा झगा घालून आली आणि गिरकी घेऊन उभी राहिली. वन्सं इतक्या हरखल्या की त्यांचे बोट थेट पोरीकडे गेले. सरळ. "एता!" म्हणाल्या, आणि लगेच बोट मुठीत घेतले. ते मी पाहिले.

त्याच आठवड्यात मीराला ताप भरला, छाती भरून आली आणि तिला दवाखान्यात ठेवावे लागले. तेवढे कळले आणि त्यांच्या गावातले इंटरनेट बंद झाले. निलेश पूर्वी सांगायचा, वरून ड्रोन आले की बंद करतात. आता पोरगी कशी आहे तेही कळेना आणि गाव धड आहे का तेही कळेना. टीव्हीवरच्या बातम्या लावायची आमची छाती नव्हती आणि बंद ठेवायचीही नव्हती. वन्संनी जेवण टाकले. उजवा हात पदरात गुंडाळून बसून राहायच्या. मी समजावले, हे चिडले, म्हणाले थंडीत पोरांना खोकला होतो, त्यात तुझे काय? त्या फक्त म्हणायच्या, "मला ठावं हाय." शेवटी फोन लागला. मीरा घरी आली होती, नीट होती. पण वन्सं त्या रविवारी फोनसमोर आल्या नाहीत. पुढच्याही नाही. क्लास सोडला. आम्ही बोलत असू तेव्हा त्या दाराआड उभ्या राहून ऐकायच्या, नातीचा आवाज आला की डोळे मिटायच्या. ज्या पोरीने आपल्याला ओळखावे म्हणून या वयात शाळेत गेल्या, तिच्यापासूनच लपायला लागल्या. आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले होते की वन्संजवळ फार वेळ नाही. मी रात्रंदिवस त्या धाकात होते.

एका रविवारी मीरा हट्टाला पेटली. निलेश म्हणाला, मामी, ही रोज आजीला मागते, आता काय सांगू? मी फोन दाराकडे फिरवला. दाराआडून वन्संचे लुगडे तेवढे दिसत होते. पोरीने ते बरोबर ओळखले आणि बोट रोखून ओरडली, "एता! एता मया बाबुश्का!" ही माझी आजी. आणि तिकडून निलेशचा हात पुढे आला, त्याने तिचे बोट धरून खाली दाबले. एवढा शिकलेला डॉक्टर, पण वेलींतलाच. मीरा रडायला लागली. तेव्हा वन्सं दाराआडून बाहेर आल्या, खुर्चीत येऊन बसल्या.

"सोड रं तिचा हात," त्या म्हणाल्या. "मी पिकलेलं वाळूक. पिकल्याला बोटानं काय व्हतंय? दाखवू दे तिला."

त्यानंतरचे पाचसहा महिने त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे असावेत. बोट मीराने दाखवायचे, वन्संनी नाही, असा करार झाला. ती रशियातून आमच्या घरातल्या वस्तू दाखवायची... ता? ती लांबची काय? वन्सं उठून ती वस्तू घेऊन यायच्या, फोनसमोर धरायच्या, एता, म्हणायच्या. लाटणे, कंगवा, ह्यांचा चष्मा, देवाची घंटी. खोकला आला तरी उठायच्या. मी ओरडायचे, बसा हो, मी आणते, तर म्हणायच्या, "नाय. तिनं मला मागितलंय."

त्या गेल्या त्या दिवशी फोन उशिरा लागला आणि नशिबाने निलेशने उचलला. त्याने आधी किती वाजता ते विचारले. मग अगदी हळू म्हणाला, मामी, मीरा रोज आईकडे बोट करायची... मला पुढचे ऐकायची गरज नव्हती. कारण त्याच्या आधी, सकाळी त्यांच्या खांद्याला हात लावला तेव्हा, हेच माझ्याही मनात येऊन गेले होते. मी त्याला म्हटले, निलेश, हे वाक्य आज इथे संपले. ते तुझ्या बायकोला सांगायचे नाही, मला पुन्हा सांगायचे नाही, आणि त्या पोरीच्या कानावर तर या जन्मात जाता कामा नये. तो हो म्हणाला. पण माझी झोप तेव्हापासून उडाली आहे. एखाद्या दिवशी रागात, दुःखात, कुणीतरी बोलून जाईल, आणि ते लेकरू आयुष्यभर आपल्या हाताला भीत जगेल...

दहावे-तेरावे झाले. मागच्या रविवारी फोन आला तेव्हा समोर वन्संची खुर्ची रिकामी होती. ती मीराला रिकामी दिसू नये म्हणून मी तिच्यात बसले. मीराने मला नीट निरखले. आजी गेली असे तिला सांगितले आहे, तिला ते किती कळले ते देव जाणे. तिचा हात वर यायला लागला आणि निलेशने तो पटकन मुठीत धरला. ती बापाच्या तोंडाकडे बघायला लागली. तिला काहीतरी समजू लागले होते. मी म्हटले, निलेश, हात सोड. तो म्हणाला, मामी, राहू द्या. मी म्हटले, सोड म्हणते ना. वन्संसारखी मी पिकलेली वगैरे नाही, मला अजून पुष्कळ जगायचे आहे, हे मनातच ठेवून मी फोन सरळ धरला. त्याने हात सोडला. मीराचे बोट सरळ माझ्याकडे आले, आणि ते तिथेच ठेवून तिने विचारले, "एता?"

मी खुर्ची मागे सरकवली नाही.