साडेअकराचं भजन

माझं नाशिकमध्ये मेडिकल स्टोअर आहे. गोळीच्या पुडीवर माझा विश्वास, अंगाऱ्याच्या पुडीवर नाही... आजही नाही. म्हणूनच हे लिहायला इतके दिवस लागले.

गेल्या वर्षी आईला घशाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं. पंचवटीतल्या भजनी मंडळात पहिली ओळ उचलायची ती आईच, त्यामुळे मंडळही बंद पडलं. तिथल्या बायकांना मी ‘घशाचं ऑपरेशन’ एवढंच सांगितलं होतं. आवाज कायमचा गेलाय हे कुणाला कळू द्यायचं नाही, असं आईनेच पाटीवर लिहून बजावलं होतं.

मग रेडिएशन. रोज सकाळी साडेअकराला. चेहऱ्यावर जाळीचा मास्क घट्ट बसवून तो टेबलाला पक्का करतात आणि सगळे बाहेर निघून जातात. शुक्रवारी पहिल्याच वेळी आई हातपाय झाडायला लागली. सोमवारी दवाखान्यात पोचल्यावर तिने लिहिलं — "नको. मरू दे मला."

मी चक्क खोटं बोललो. "आई, मंडळ आजपासून तुझ्यासाठी रोज साडेअकराला भजनाला बसणार आहे. तू इथे आत, त्या तिकडे."

 आई उठून आत गेली आणि शांत पडून राहिली.

बुधवारी बाहेर आल्यावर तिने लिहिलं, "आज शकूचा टाळ मध्येच थांबला."

मला फार अपराधी वाटलं. संध्याकाळी मंडळातल्या शकूमावशींकडे गेलो. म्हटलं, पाया पडून सांगावं, उद्यापासून खरंच बसा.

"अरे, सोमवारपासून बसतोय की आम्ही," मावशी म्हणाल्या. "आज माझ्या टाळाची दोरी तुटली, तेवढाच काय तो खोळंबा."

"पण तुम्हाला सांगितलं कुणी?"

"तुझ्या आईनेच. सोमवारी अकराला फोन आला तिचा. म्हटलं, बरं झालं बाई, आवाज परत आला."

मावशींकडे जुना लँडलाइन आहे, त्यावर नंबर दिसत नाही. आणि सोमवारी अकराला आई माझ्यासमोर बाकावर बसलेली होती. तिचा मोबाइल माझ्या खिशात होता.

खरं सांगायचा धीर झाला नाही. एवढंच विचारलं, "आवाज कसा होता?"

"कसा म्हणजे? पहिल्यासारखाच. खणखणीत."

आईने सगळं रेडिएशन पूर्ण केलं. फोनचा विषय काढला की ती नुसती हसते. मला अजून काही उलगडा झालेला नाही... पण तेव्हा भीती नाही वाटली, मावशींचा हेवा वाटला. ऑपरेशनला आत नेताना आई मला काहीतरी बोलली होती. मी फॉर्मवर सह्या करत होतो, ते मी नीट ऐकलंच नाही.