फुकटच्या लिनक्सची गोंदियातली गिऱ्हाइकं

दुकानात स्क्रू सांडले तर झाडूने गोळा करता येतात. किस्से तसे गोळा होत नाहीत. ते कुठेतरी कोपऱ्यात साठत जातात आणि कोणी चहाला बसलं की आपोआप बाहेर पडतात.

गोंदियात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. येईल त्या मशीनमध्ये लिनक्स नावाची फुकटची, खुली सिस्टीम घालून द्यायची मला खोड आहे. माझं मत सरळ आहे. जे यंत्र आपण विकत घेतलं, त्याच्या आत काय चाललंय हे बघायचा हक्क आपला असला पाहिजे. हे मत मी इतक्या लोकांना ऐकवलंय की बाजारात काहीजण मला बघून रस्ता ओलांडतात. एवढ्या खटपटीतून पक्के भक्त मिळाले तीन. त्यातली एक माझी बायको, कारण घरात दुसरा कॉम्प्युटरच नाही.

* * *

कामठ्याचे एक काका कॉम्प्युटर घेऊन आले. मी सुरू झालो. "काका, ह्याच्या आतलं सगळं उघडं असते. जगातला कोणीही माणूस वाचू शकते."

काकांनी स्क्रीनला नाक लावून बघितलं. "कोणीही?"

"कोणीही."

"मंग माह्या पोरीच्या लग्नाचे फोटो याच्यात नोको ठेवू. आमच्या गावात आधीच लोकं लय पाहून राहिले."

फोटो नाही काका, प्रोग्राम उघडा असतो, असं मी समजावलं. आणि वर सांगितलं की हे सगळं फुकट आहे. तिथेच चुकलो.

"फुकट देऊन राहिला? मंग तुले काय भेटते?"

"काहीच नाही."

"मंग काऊन करून राहिला?"

काकांनी कॉम्प्युटर उचलला, दारापर्यंत गेले, परत वळले आणि अगदी मायेने विचारलं, "डोकसं दुखते का रे तुहं, कधी कधी?"

* * *

तीन भक्तांमधले पहिले तुरकर सर. गणिताचे शिक्षक, आता निवृत्त. त्यांना माउस आवडत नाही. "माउस म्हणजे दुकानात बोट दाखवून वस्तू मागणं. शिकलेल्या माणसानं नाव घेऊन मागावं," असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते सगळी कामं काळ्या पडद्यावर कमांड टाइप करून करतात.

एकदा लॅपटॉप हळू चालतो म्हणून तो माझ्याकडे ठेवून भाजी आणायला गेले. मी नको असलेल्या फायली पुसायची कमांड दिली. स्क्रीनवर अक्षरं आली: "काऊन पुसून राहिला?"

मी पुन्हा कमांड दिली. पुन्हा तेच. "काऊन पुसून राहिला?"

अर्धा तास मी वायरस शोधला. इंटरनेटवर शोधलं, असा वायरस जगात कोणालाच झालेला नव्हता. तेवढ्यात सर पिशवी घेऊन आले. मी म्हणालो, "सर, मामला गंभीर आहे. वायरस आपल्या इकडच्या झाडीबोलीत बोलून राहिला."

सरांनी पिशवी खाली ठेवली. "तो मी आहो."

पुसायच्या कमांडवर त्यांनी स्वतः एक छोटा प्रोग्राम लिहून बसवला होता. दोनदा तो नुसतं विचारतो. तिसऱ्यांदा कारण लिहावं लागतं.

"आणि कारण त्याले पटलं नाही तर?"

"तर नाही पुसत," सर म्हणाले. "शाळेत वेगळं काय करत होतो मी?"

* * *

करमणुकीबद्दलही माझी मतं ठाम आहेत. दर महिन्याला वर्गणी भरून सिनेमे बघणं म्हणजे भाड्याने आणलेली भांडी. आपण जे बघतो, ते आपल्या डिस्कवर, आपल्या ताब्यात असावं. ह्या विचाराने मी जुन्या कॉम्प्युटरचा एक डबा केला, टीव्हीला जोडला आणि घरच्या सगळ्या वर्गण्या बंद केल्या. डबा छतावरच्या अँटेनातून मालिका रेकॉर्ड करायचा. म्हणजे करायला हवा होता.

पहिल्याच आठवड्यात मालिकेतली सासू कपाटातली चिठ्ठी उघडणार, तेवढ्यात चित्र थांबलं आणि डबा अपडेट होऊ लागला.

"सुनीता," मी बायकोला म्हणालो, "हा डबा आपल्याला स्वातंत्र्य देतो."

"सोमवार ते शनिवार, साडेसात ते आठ, मले स्वातंत्र्य नाही पाहिजे," सुनीता म्हणाली. "मले ती चिठ्ठी पाहिजे."

दोन आठवडे मी डबा सुधारत होतो आणि तो आणखी बिघडत होता. मग एक दिवस घरी आलो तर डबा छान चालत होता. सुनीताने मला न विचारता लिनक्सवाल्यांच्या फोरमवर प्रश्न टाकला होता, "नवऱ्याने सुधारलेला डबा पूर्ववत कसा करावा?" कुठल्या कुठल्या देशातून उत्तरं आली होती.

मला भरून आलं. "बघ, ह्याला म्हणतात खुली चळवळ. ओळख ना पाळख, किती लोकं मदतीला आली."

"लय चांगल्या आहेत बिचाऱ्या," ती म्हणाली. "सगळ्या बायकाच होत्या."

* * *

तिसरे भक्त राजूभाऊ, लग्नाचे व्हिडिओ काढतात. अस्सल गोंदिया शहरातले, म्हणजे बोलणं हिंदीत. माझ्या सांगण्यावरून त्यांनी खुलं एडिटिंग सॉफ्टवेअर घेतलं, पण एक अट घातली. "भैया, फूल गिरने चाहिए. बिना फूल के शादी नहीं लगती."

एका लग्नात मांडवात मोठा पडदा लावला होता. नवरा-नवरीच्या फोटोंवर फुलं पडायला लागली, जास्तच पडली, आणि प्रोग्राम कोसळला. काळा पडदा, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं सरसर वर जाऊ लागली. नवरदेवाचे काका उठून आले. "हे काय होऊन राहिलं?"

राजूभाऊंनी मान वर न करता सांगितलं, "लड़का कंप्यूटर इंजीनियर है ना? उसी के लिए स्पेशल बनाया है."

काकांनी टाळी वाजवली, मग सगळ्या मांडवाने वाजवली. राजूभाऊंनी सुटकेचा श्वास सोडला, तोच मागून नवरीचे मामा आले, रागाने लाल. "इतकं सारं नवरदेवाचं लिहून आलं. आमच्या पोरीचं नाव एकदाही नाही?"

* * *

अर्जुनी मोरगावची वनिता नाटकात काम करते. यंदा तिने पहिल्यांदाच स्वतःची नाटक मंडळी उभी केली. दिवाळीनंतर गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, तेव्हा रात्री नाटकं होतात. एका गावच्या आयोजकांनी तिला सांगितलं, "बाईची मंडळी आहे, आधी तालीम दाखवा, मग तारीख देऊ." ही तारीख गेली असती तर बाकीच्या गावांनीही विचारलं नसतं. तिने मला बोलावलं. "भाऊ, ढगांचा गडगडाट आन् बासरी तेवढी वेळेवर वाजवा. बाकी मी पाहून घेईन."

मी दुकानातला लॅपटॉप घेऊन गेलो. त्याच सकाळी एका अंध गिऱ्हाइकासाठी त्यावर स्क्रीनवरचं सगळं मराठीत बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर तपासलं होतं. ते बंद करायचं राहिलं.

शाळेच्या हॉलमध्ये भर दुपारी तालीम सुरू झाली. आयोजक पुढे बसलेले, मागे अर्धं गाव. दुसरा अंक. खाटेवर मरणारा बाप, म्हणजे मंडळीतले सगळ्यात जुने नट डोमाजी. उशाशी मुलगी, वनिता. मी बासरी लावली. बासरी थांबली आणि हॉलमधल्या स्पीकरमधून एक थंड, सपाट आवाज आला.

"बॅटरी दहा टक्के उरली आहे."

वनिताने माझ्याकडे बघितलंही नाही. तिने बापाचा हात धरला. "बाबा, ऐकलं का? काय सांगाचं असन ते लवकर सांगा."

डोमाजी मुरलेले नट. त्यांनी आपलं दोन पानांचं भाषण निम्म्यावर आणलं.

"बॅटरी पाच टक्के उरली आहे."

डोमाजींनी शेताच्या वाटणीचं बोलणं सोडून दिलं, थेट आशीर्वादावर आले. मागे बायका डोळे पुसायला लागल्या. मी वायर घेऊन धावत होतो. स्टेजच्या कडेला एक बोर्ड सापडला, पिन खुपसली. डोमाजींनी शेवटचा आचका दिला, मान टाकली, आणि आवाज आला:

"चार्जिंग सुरू झालं आहे."

डोमाजींनी एक डोळा उघडला. वनिताकडे बघितलं. वनिताने एक क्षण विचार केला, मग तांब्या उचलला आणि म्हणाली, "बाबा, पाणी घेता?"

डोमाजी उठून बसले. तिसरा अंक बाप मेल्यावर शेताच्या वाटणीवरून भावांच्या भांडणाचा होता. तो तसाच झाला, फक्त बाप मध्ये खाटेवर बसून ऐकत होता.

पडदा पडल्यावर आयोजक वनिताकडे आले. "तारीख पक्की. पण म्हातारा असाच ठेवजा."

मी वायर गुंडाळत होतो. मागच्या बायकांमधली एक म्हातारी काठी टेकत माझ्यापर्यंत आली. डोळे अजून ओले होते.

"मंडईत दरसाल कोणाचा ना कोणाचा बाप मरते," ती म्हणाली. "येवढे लोकं बसून पाहतात. चार्जर लावाले आजवर कोणी उठलं नोहोतं."