सीतेच्या आसवांना कुंपण

फुलं बघणाऱ्या माणसांकडं फुलं कमी आणि किस्सेच जास्त साठतात. आमचा ग्रुप तिघांचा. वनस्पतीशास्त्राचे रिटायर्ड पाटील सर, कागल एमआयडीसीतला फिटर शकील आणि राजारामपुरीत चष्म्याचं दुकान चालवणारा मी. दर रविवारी पन्हाळ्याकडच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जाऊन पालथं पडायचं!

*

एकदा पालथा पडलेला शकील बघून एकानं गाडी थांबवली. "ओ पावणं, चक्कर आली काय?"

"न्हाय, फूल बघतोय."

करंगळीच्या नखाएवढं, जांभळं. सीतेची आसवं म्हणतात त्याला. गडी वाकून बघून म्हणाला, "एवढ्याशासाठी?" आणि जाताना पाण्याची बाटली ठेवून गेला. त्याचा संशय काही फिटला नव्हता!

*

बायको एकदाच आली. तासभर चालून म्हणाली, "कुठं हायती तुमची फुलं?" तिच्या चपलेखाली होती. चष्मेवाल्याची बायको!

*

हे रोप एका पावसाळ्याचं. उगवलं, फुललं, बी टाकलं, संपलं. म्हणून सरांचा जीव त्यात अडकलेला. सड्याखालच्या वाडीतल्या दस्तगीर चाचांच्या म्हशी त्यात शिरल्या, तेव्हा सर कडाडले, "चाचा, म्हशी हाकला आधी!"

चाचा म्हणाले, "सर, माझ्या लहानपणापास्नं म्हशी आन् फुलं हितंच हायती की!"

सरांनी ऐकलं नाही, आम्हीही नाही. ग्रामपंचायतीत अर्ज दिला, तारेचं कुंपण घातलं. शकीलनं खांबांचं वेल्डिंग स्वतः केलं. पेपरात आमचा फोटोसुद्धा आला!

*

पुढच्या पावसाळ्यात कुंपणात गुडघाभर गवत. फूल एक नाही. सर गवतात हात घालून शोधत बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "गवत म्हशी खायच्या, म्हणून ह्यांना ऊन मिळायचं. जन्मभर पोरांना हेच शिकवलं की रे मी!"

शकीलनं पक्कड काढून तार तोडली. मला लाज वाटली, अजून वाटते.

*

तिथनं तडक चाचांच्या घरी गेलो, म्हशी परत सोडा म्हणून सांगायला. गोठा रिकामा.

"इकल्या की," चाचा म्हणाले. "चरायला जागा कुठं ऱ्हायली? बसा, च्या घ्या."

चहा आला, बिनदुधाचा. चाचांनी अगदी मनापासून विचारलं, "पर सर, तुमची फुलं वाचली न्हवं?"

सर कपाकडं बघत म्हणाले, "व्हय चाचा. लई फुलल्यात औंदा."