चाळीस सेकंदांचा थांबा

बंगळूर स्टेशनात तंजावूरच्या गाडीला साडेतीन तास अवकाश होता आणि मला एका जागी बसवत नाही, हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे. पाठीला पिशवी अडकवून मी फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत सुटले. सहाव्या फेरीला चहावाल्याने विचारलं, "मॅडम, कुणी हरवलंय का?"

"नाही, सराव चाललाय," मी म्हटलं. त्याने शेजारच्या हमालाला काहीतरी सांगितलं आणि दोघेही हसले. हसू देत.

सराव कशाचा, ते सांगते. मलेशियात शंभर किलोमीटरची एक शर्यत असते. डोंगर, पामच्या बागा, चिखल आणि अंगावर ओलं घोंगडं टाकल्यासारखी हवा. वीस तासांत संपवायची. गेल्या वर्षी मी गेले, तेव्हा सांगलीच्या आमच्या कॉलेजने फाटकावर माझ्या फोटोचा मोठा फलक लावला होता. मी तिथे पदार्थविज्ञान शिकवते. बासष्टाव्या किलोमीटरला माझ्या पोटातलं सगळं बाहेर आलं, मी तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि एका स्वयंसेविकेने माझ्या मनगटावरची पट्टी कात्रीने कापली. पट्टी कापली की तुम्ही बाद. परत आले तरी फलक जागच्या जागी होता. तो उतरवा, हे शिपायाला मलाच सांगावं लागलं. त्याची लाज मला अजून वाटते.

गुडघ्याच्या डॉक्टरांनी यंदा बजावलं होतं, "एवढी एक पळून घ्या, मग बास." म्हणजे हिशेब चुकता करायला हीच एक संधी उरली होती.

तंजावूरच का, तर तिरुचीहून क्वालालंपूरला थेट विमान आहे आणि तिरुचीपासून तंजावूर तासाभरावर. मे महिन्यात तिथे ऊन आणि घाम दोन्ही हवे तेवढे मिळतात. तीन आठवडे तिथेच राहायचं, अंगाला सवय लावायची आणि तिथूनच उडायचं, असा माझा बेत. कॉलेजात गणित शिकवणाऱ्या सुमतीची मावशी तिथे राहते. तिच्या घरावरची खोली मला मिळाली.

या मावशीचं नाव सरोजा, पण गल्लीतले तमिळ आणि मराठी सगळे तिला अक्का म्हणतात. सत्तरी ओलांडलेली, दोन्ही नाकपुड्यांत चमकी, सरकारी शाळेच्या मुख्याध्यापिकेच्या जागेवरून निवृत्त झालेली. मराठ्यांच्या राज्यात हे घराणं इथे आलं ते इथलंच झालं. तिची मराठी कानावर पडली की वाटतं, आपण विसरलेलं काहीतरी हिने जपून ठेवलंय. मात्र ती सगळी तमिळच्या चालीवर.

"ये गे माधुरी, बैस. आधीं जेव. मग पळ कुठें पळायचें तें."

सार, भात, डांगर आणि वर ताक. मी दहा मिनिटांत जेवून उठले, तशी ती माझ्या पानाकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली. खोलीत जाऊन मी पहिलं काम केलं ते शर्यतीचा तक्ता भिंतीवर चिकटवण्याचं. संध्याकाळी अक्का वर आली आणि चष्मा लावून त्यासमोर उभी राहिली.

"हीं अक्षरें मला येत नाहींत. तमिळमधें असतें तर वाचलें असतें. तूं वाच."

मी वाचायला लागले. "किलोमीटर अकरा, पाण्याचं टेबल, थांबा चाळीस सेकंद. किलोमीटर एकवीस, पाण्याचं टेबल, थांबा चाळीस सेकंद." अशी नऊ टेबलं. मनातल्या मनात हा तक्ता फार शास्त्रशुद्ध वाटायचा. मोठ्याने वाचताना मलाच तो जरा खुळचट वाटू लागला.

"चाळीस सेकंदांत काय पितेस?"

"पेला उचलायचा आणि पीत पीत पुढे जायचं, अक्का. वेळ मोजलेला असतो."

"मागच्या वर्षीं कोण पाणी दिलें तुला?"

"टेबलावर माणसं होती की."

"कोण?"

मी आठवून पाहिलं. नऊपैकी सहा टेबलांवरून मी गेले होते. एकही चेहरा आठवेना. आठवत होती ती फक्त कात्री.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिरुवैयारुच्या रस्त्याला लागले. पाऊणएक तासात माझी पहिली शोभा झाली. मागून गावातली बस आली, पुढे जाऊन थांबली आणि कंडक्टर दारातून हात हलवू लागला. "एरुंगम्मा! सीक्रम!" (चढा बाई, लवकर!) मी बस धरायला पळतेय, असा अख्ख्या बसचा समज झाला होता. "बस वेण्डाम," (बस नको) मी पाठ केलेलं तमिळ वापरलं.

"अप्पो एन ओडरींग?" (मग पळताय कशाला?)

मी हात जोडले आणि पळत राहिले. बस धूर सोडून निघून गेली. पुढच्या आठवड्यात तीन मोपेडवाल्यांनी आणि एका नारळाच्या गाडीने मला बसून यायचा आग्रह केला. तापल्या रस्त्यावर बाईमाणूस धावतंय म्हणजे काहीतरी अडचण असणार, हे इथे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं.

मेमधला हा मुलूख पोस्टकार्डावरच्या हिरव्या चित्रासारखा मुळीच नसतो. धरणाचं पाणी सुटायला अवकाश असतो. कालवे कोरडे, नद्यांच्या पात्रात नुसती वाळू, भाताच्या खाचरांना भेगा. रस्त्याच्या कडेला उडीद वाळत घातलेला, त्याला वळसा घालून पळायचं. विहिरीच्या पंपावर जगणाऱ्या केळीच्या बागा तेवढ्या हिरव्या. दहा वाजले की सावलीसुद्धा तापते.

अक्काच्या गल्लीच्या तोंडाशी, हमरस्त्यावर, तण्णीर पंदल (उन्हाळ्यातली पाणपोई) होतं. नारळाच्या झावळ्यांचं छप्पर, ओल्या फडक्यात गुंडाळलेली मडकी, एक बाक. एका मडक्यात पाणी, दुसऱ्यात मोर (पातळ ताक), आलं, कढीपत्ता आणि मीठ घातलेलं. अक्का आणि गल्लीतल्या पाच जणी दहा ते चार आळीपाळीने तिथे उभ्या राहायच्या. वाट चालणाऱ्या कुणालाही द्यायचं, विचारायचं काही नाही.

एके दिवशी अकरा वाजता मी धावतच तिथे आले. अक्काने स्टीलचा टंबळर (पेला) पुढे केला. मी तो घेतला, तोंडाला लावला आणि पुढे निघाले. माझ्या दृष्टीने हे उत्तम चाललं होतं.

"एई! माधुरी! टंबळर!"

परत आले. अक्काने पेला काढून घेतला आणि धुवायला बाजूला टाकला. "उष्टा केलीस. हा सगळ्यांचा आहे. वरून पी."

दुसरा पेला दिला. मी जागच्या जागी पाय हलवत मान मागे टाकली आणि धार धरली. अर्धं ताक नाकात गेलं, उरलेलं गळपट्टीतून पोटावर. वरून पडणारी धार आणि हलणारं तोंड यांची गाठ का पडत नाही, हे खरं तर मीच वर्गात शिकवायला हवं. पंदलातल्या जणी पोट धरून हसत होत्या, आणि मी खोकत होते.

"पाय हलवूं नको," अक्का म्हणाली. "उभी राहा. श्वास सोड. आतां मान मागें कर."

मी उभी राहिले. धार नीट गेली. एकेका घोटाला थांबावं लागत होतं, कारण श्वास आणि घोट एकाच वेळी घेता येत नव्हते. पेला संपल्यावर अक्काने मला बाकावर बसवलं आणि दुसरा भरला. घड्याळात पाहिलं, तर पाच मिनिटं गेली होती.

"अक्का, नऊ टेबलांना पाच पाच मिनिटं म्हणजे पाऊण तास जाईल!"

"जाऊं दे."

मला तिचा राग आला. "जाऊं दे" म्हणायला तिचं काय जात होतं? फलकावरचा फोटो माझा होता.

विमानाला आठ दिवस उरले असताना मी मोठी चाचणी ठेवली. तंजावूर ते तिरुवैयारु, तिथून कावेरीच्या कडेकडेने पापनाशम, साधारण पस्तीस किलोमीटर, मुद्दाम नऊ वाजता निघून. थांबे तक्त्याप्रमाणे, चाळीस सेकंद. पूल एकामागून एक मागे पडले, सगळ्यांखाली वाळूच. तिरुवैयारुत एका खिडकीतून गाण्याचा धडा ऐकू आला. शिकणारी मुलगी एकाच ओळीवर अडखळत होती आणि शिकवणारा पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावत होता. मी वेळेच्या चार मिनिटं पुढे होते. वाटेतल्या पंदलांकडे बघितलंसुद्धा नाही. पाठीवरच्या पिशवीतून नळी तोंडाशी येत होती, तिच्यातून पीत चालले होते.

विसावा किलोमीटर मागे पडला. केळीच्या बागेच्या कुंपणाला धरून मी ओकले. तेच. अगदी गेल्या वर्षीचंच. तेव्हा मी घाबरले, ते उन्हाला नाही. परदेशी जाऊन आपण पुन्हा त्याच ठिकाणी, त्याच खुर्चीवर जाऊन बसणार, हे मला दिसलं. डोळ्यांत पाणी आलं आणि घामात मिसळून गेलं.

वळणावर चिंचेखाली दोन मडकी आणि एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी पेला पुढे केला. मी उभी राहिले. श्वास सोडला. मान मागे केली. पोटाने तो पहिला घोट ठेवून घेतला. दुसराही ठेवला.

"उक्कारुंग," (बसा) ते म्हणाले. मी चिंचेच्या मुळीवर बसले.

"ऊरु?" (गाव?)

"महाराष्ट्रा."

त्यांनी माझे बूट पाहिले, मग रस्ता पाहिला. "नडंदा वंदींग?" (चालत आलात?)

मी हसले, बऱ्याच दिवसांनी. ते मात्र गंभीर होते. त्यांनी आणखी एक पेला भरला.

तिथे पंधरा मिनिटं गेली. मग उठले आणि पापनाशमपर्यंत न थांबता पळाले. पाय जड होते, पण पोट शांत होतं. तक्त्यापेक्षा बावीस मिनिटं उशीर झाला. स्टेशनवर नळाखाली डोकं धरलं आणि तंजावूरच्या गाडीच्या दारात उभी राहून परतले.

त्या संध्याकाळी मी तक्त्यातले चाळीस सेकंद एकेक करून खोडले आणि नऊ ठिकाणी "पाच मिनिटं" लिहिलं. माझ्याकडे तासाभराची शिल्लक होती, ती वीसएक मिनिटांवर आली. पेन आपटलं. पुन्हा उचललं, कारण दुसरा मार्ग नव्हता.

निघताना अक्का सामानाची यादी ऐकत होती. या शर्यतीत कागदी पेले नसतात, ज्याने त्याने आपला पेला आणायचा. माझा घडीचा रबरी पेला तिने बोटांनी दाबून पाहिला, नाक मुरडलं आणि खालून एक स्टीलचा टंबळर आणून पिशवीत खुपसला. "जाऊन ये," म्हणाली.

मलेशियातल्या त्या दिवसाबद्दल फार लिहीत नाही. चिखल होता, जळवा होत्या, चढ संपतच नव्हते. प्रत्येक टेबलापाशी मी उभी राहिले. पेला माझाच होता, उष्टा झाला तरी कुणाची हरकत नव्हती, पण मी वरूनच प्यायले, कारण तसं प्यायचं तर थांबावंच लागतं. माझ्या पुढून माणसं भराभर निघून जात होती आणि प्रत्येक वेळी माझ्या जिवाचं पाणी होत होतं. पाच मिनिटं किती लांब असतात, हे मला त्या दिवशी कळलं.

बासष्टाव्या किलोमीटरला तेच छप्पर, तशीच प्लास्टिकची खुर्ची. ऊन उतरलं होतं. मी खुर्चीकडे पाठ केली आणि पेला पुढे धरला. जाड वेणीची एक बाई पाणी ओतत होती. मी मान मागे करून धार धरली, तशी ती टेबलाच्या अलीकडे आली आणि तमिळमध्ये म्हणाली,

"ऊरु एदु?" (गाव कुठलं?)

"तंजावूर," माझ्या तोंडून गेलं.

तिची आजी तिकडचीच होती म्हणे. तिने पेला पुन्हा भरला, मग मूठभर मीठ लावलेले शेंगदाणे दिले. मनगटावरची पट्टी शाबूत ठेवून मी तिथून पुढे गेले. शर्यत संपली तेव्हा वेळेतली नऊ मिनिटं उरली होती.

जूनच्या मध्यावर तिरुचीला उतरले. बसच्या खिडकीतून पाहते तो कालव्यांना पाणी आलेलं, गढूळ आणि घाईत. खाचरांत माणसं वाकलेली. गल्लीच्या तोंडाशी पंदलाच्या जागी बांबूंची चार भोकं राहिली होती.

अक्काने पदक हातात तोललं. "जड आहे," म्हणाली आणि तांदळाच्या डब्यावर ठेवून दिलं. कितवी आलीस, किती वेळ लागला, काही नाही. माझ्यासमोर कॉफी ठेवली आणि बसली.

"आतां सांग. कोण पाणी दिलें तुला?"

मी सांगायला लागले. अकराव्या किलोमीटरला उलटी टोपी घातलेले एक आजोबा होते, ते प्रत्येकाला सलाम ठोकत होते. एकविसाव्याला दोघी बहिणी, एकीच्या हाताला प्लास्टर. एकतिसाव्याला एक शिंपी, तो माझ्या पिशवीचा उसवलेला बंद शिवून देऊ का विचारत होता. एकेक चेहरा आपणहून पुढे येत होता आणि अक्का मध्ये मध्ये "मग?" म्हणत होती. बासष्टाव्याची गोष्ट ऐकून तिने हात वर केला.

"तंजावूर सांगितलीस? खोटें."

"सुचलं ते बोलले, अक्का."

"पुढच्या उन्हाळ्यांत ये. पंदलांत उभी राहा, दहा ते चार. मग खरें होईल."

पुढच्या मे महिन्यात जपानमध्ये एक शर्यत आहे. डॉक्टरांना न विचारता मी ती विमानात शोधून ठेवली होती. फोन मांडीवरच होता. माझा पाय टेबलाखाली हलत होता, तो मी थांबवला.

"येते," म्हटलं.

"घड्याळ घरीं ठेवून ये," अक्का म्हणाली आणि माझ्या पेल्यात आणखी कॉफी ओतली. "हं. त्याच्या पुढचें सांग."

अजून तिघंजण सांगायचे राहिले होते.